मेणात काही उरलं नव्हतं

आमच्या विभागात त्यांना सगळे पातळताई म्हणायचे. नवा माणूस नाव ऐकून कुणी काडीसारखी बाई शोधायचा, आणि खुर्ची काठोकाठ भरून बसलेल्या ताई दिसल्या की गोंधळून जायचा. नाव अंगावरून पडलेलं नव्हतं, हातावरून पडलेलं होतं. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्या मेणाच्या ठोकळ्याच्या यंत्रावर चकत्या पाडायच्या आणि त्या कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचपट्टीवर घ्यायच्या, हे त्यांचं काम. चकती केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतकी. एकोणतीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

मी त्याच खोलीत काचेच्या पार्टिशनमागे बसून रिपोर्ट टाइप करायचो. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बोलायच्या आणि मी बडवायचो. ताईंच्या हातून निघालेलं शेवटी माझ्या बोटांतून कागदावर यायचं, त्यामुळे आमचं बोलणं बरंच व्हायचं. बोलणं म्हणजे ताईंनी चिडायचं आणि मी हं हं करायचं.

चिडायला कारण रोज मिळे. दुर्बिणीच्या खोलीतून, म्हणजे जिथे पोटात नळी घालून बघतात तिथून, औषधाच्या बाटलीत तुकडे यायचे. कधी मोहरीएवढे, कधी त्याहून लहान, चिमट्यात दाबून चेंदामेंदा झालेले. सोबतच्या फॉर्मवर पेशंटची माहिती म्हणून एकच शब्द: पोटदुखी.

"पोटदुखी!" ताई बाटली उजेडात धरून म्हणायच्या. "अरे, पोट दुखल्याशिवाय कोण हौसेने नळी घालून घेतं? किती दिवस दुखतंय, वजन उतरलंय का, औषधं कुठली चालू आहेत, काही लिहायला नको? कणभर तुकडा पाठवायचा आणि मणभर उत्तर मागायचं!"

दुर्बिणीच्या खोलीत फोन केला की तिकडची सिस्टर म्हणायची, "ताई, बाहेर तीस पेशंट बसलेत. नंतर सांगते." ते नंतर कधी आलेलं मला आठवत नाही.

ताई एकट्याच होत्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल बोलायच्याही नाहीत. जवळचं माणूस म्हणजे थोरला भाऊ. दादा. वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान होतं, हॉस्पिटलपासून दोन चौक सोडून. किराणावाल्यांचे काटे, सोनारांचे काटे, भंगारवाल्यांचे मोठाले लोखंडी काटे, सगळे त्याच्याकडे यायचे. बोलायला मिश्किल माणूस. ताई पंचावन्न वर्षांच्या, नव्वद किलोच्या, तरी तो त्यांना चिमणी म्हणायचा.

एका रविवारी ताई त्याच्याकडे गेल्या तर तो पट्ट्याला खिळ्याने भोक पाडत बसला होता. तिसरं भोक.

"हे काय, दादा?"

"काही नाही गं चिमणे. पट्टा सैल झालाय."

"पट्टा सैल होतो का कधी? तू झिजलायस! किती वजन उतरलं?"

"दवाखान्याचा काटा म्हणतो नऊ किलो. पण तो काटा मी बघितलाय. त्याच्यावर माझा विश्वास नाही."

"आणि तुझा स्वतःचा काटा काय म्हणतो?"

दादाने खिळा खाली ठेवला. मग म्हणाला, "साडेनऊ."

मग एकेक बाहेर आलं. चार महिने जेवल्यावर पोटात उजवीकडे, खालच्या बाजूला कळ येत होती. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग आमच्याच हॉस्पिटलच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे जखम दिसली. तिचे तुकडे काढून तपासायला पाठवले. रिपोर्टात पक्कं काही निघालं नाही, तेव्हा बहुधा आतड्याचा क्षय असेल, औषध देऊन बघू, असं ठरलं. दीड महिना तो मूठभर गोळ्या गिळत होता. फरक शून्य.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं की तू हॉस्पिटल डोक्यावर घेतेस."

सोमवारी सकाळी ताई पर्स खांद्यावरून न उतरवताच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "दादाचा रिपोर्ट काढ."

काढला. मीच टाइप केलेला होता. जुनाट दाह, विशिष्ट कारण दिसत नाही. क्षयाच्या खुणा नाहीत. कर्करोगाची निश्चित लक्षणं नाहीत. त्रास चालू राहिल्यास पुन्हा तुकडे घेऊन तपासावे. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा लिहायचो की कीबोर्डवर त्याच्यासाठी दोन बटणं ठरवून ठेवली होती. ते मी ताईंना सांगितलं नाही.

ताई रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेल्या. मॅडम वयाने ताईंपेक्षा लहान, पण शांत बाई. म्हणाल्या, "ताई, जखमेभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी होती. पण कुठल्याही जखमेभोवती ती असतेच. आतड्याच्या भिंतीत तर त्या पेशी मुळातच राहतात, पहारा द्यायला. कधी कधी त्याच पेशींतून कर्करोग सुरू होतो. लिम्फोमा. गाठीत होतो तसा पोटात, आतड्यातही होतो. दंगलीत पोलीस जमणारच. पण दंगेखोरच पोलिसांच्या कपड्यात असले, तर चार माणसांच्या फोटोवरून मी काय सांगणार? मला मोठा फोटो हवा."

"म्हणजे लिम्फोमा आहे?"

"तसं मी म्हटलेलं नाही. क्षय असेल, नुसती सूज असेल, लिम्फोमा असेल. दुर्बिणीतून तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून तर पुन्हा तुकडे घ्या असं लिहिलं होतं."

ते कुणी वाचलंच नव्हतं. ताई पोटाच्या डॉक्टरांकडे गेल्या. भांडल्याही असणार, कारण परत आल्या तेव्हा कानाच्या पाळ्या लाल होत्या. पण तारीख मिळाली, तीही पाच आठवड्यांनंतरची.

पाच आठवड्यांनी तुकडे आले. ताईंनी ते जीव ओतून कापले. मॅडमनी काचपट्टी सगळीकडून फिरवून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काहीच नाही. भरत आलेल्या जखमेचा व्रण आहे. पांढऱ्या पेशी जवळजवळ गायब. असं कसं?"

ताईंना आनंद झाला. मी बघितलंय. त्यांनी मला चहा पाजला. संध्याकाळी दादाकडे गेल्या, तर दादा मजेत जेवत होता. वहिनी हसून म्हणाल्या, "वन्सं, तीन किलो वाढले बघा! माझ्या मावसभावाने एक डॉक्टर सुचवला होता. त्यांनी ते क्षयाचं सगळं बंद केलं आणि या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवसापासून भूक लागायला लागली."

ताईंनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन नाव वाचलं. स्टेरॉइड होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी चष्मा काढला. त्या सहसा आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी चढला. "हे फॉर्मवर का नाही लिहिलं कुणी? लिम्फोमा असेल, तर स्टेरॉइडने त्या पेशी लोण्यासारख्या वितळतात. पेशंटला बरं वाटतं, जखम भरते आणि आम्ही व्रण बघत बसतो. रोग जात नाही हो, ताई. लपतो. आता मी यात काय शोधू?"

"तो कुठल्या गोळ्या घेतोय हे दुर्बिणीच्या खोलीत कुणी विचारलंच नाही म्हणे," ताई म्हणाल्या.

"आणि त्याने सांगितलं नाही?"

"विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो म्हणून पहिला रागावेल, ही भीती."

मॅडमनी जरा विचार केला. "एक मार्ग आहे. पहिला ब्लॉक काढा. तेव्हा स्टेरॉइड नव्हतं. त्यात तुकडा उरला असेल, तर बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये पाठवू. पेशींना वेगवेगळे रंग चढवून बघतील. तेवढ्यावरसुद्धा काही कळेल."

ताई मागच्या खोलीकडे धावल्याच. तिथे लोखंडी कपाटांत जुने ब्लॉक, म्हणजे चकत्या पाडून उरलेले मेणाचे ठोकळे, नंबरवार ठेवलेले असत. मी त्यांच्यामागून गेलो. त्यांनी खण ओढला, बोटं फिरवली, ब्लॉक काढला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

मेण स्वच्छ होतं. तुकडे होते तिथे खळगासुद्धा नव्हता. कोपऱ्यात एक तपकिरी दोरा चिकटलेला दिसला, म्हणून ताईंनी तो नखाने टोकरला. धूळ होती.

"कुणी संपवला हा?" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पूर्ण संपवला! कोण गाढव होतं यंत्रावर? रजिस्टर आण."

मी रजिस्टर आणलं. त्यात प्रत्येक ब्लॉक कधी कापला आणि कुणी कापला याची नोंद असते. दादाच्या नंबरासमोर तीन नोंदी होत्या. पहिली नेहमीची. दुसरी, मॅडमनी आणखी खोलवरच्या चकत्या मागवल्या तेव्हाची. तिसरी, क्षयाचे जंतू बघायच्या खास रंगासाठी. दर वेळी ब्लॉक यंत्रावर नव्याने बसवला की तो पुन्हा सपाट होईपर्यंत वरचा थर वाया जातो. तीनदा बसवला, तीनदा थर गेला. सह्या तिन्ही ताईंच्या.

पहिल्या नोंदीच्या दिवशी चौसष्ट ब्लॉक होते. मी मोजले. ताईंनी नंबर बघून कापला होता. यंत्रावर नाव नसतं.

ताईंनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि जागेवर जाऊन बसल्या. दुपारी मी डबा खायला बोलवायला गेलो, तर म्हणाल्या, "तू जा." मॅडमनी येऊन सांगितलं की चूक नव्हती. मागितलं तेवढं कापलं, नियमाने कापलं. ताई म्हणाल्या, "नियमाने. हो."

आता मार्ग एकच उरला होता. स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद करायचं आणि वाट बघायची. कशाची, तर आजार परत यायची.

ते सात आठवडे मी विसरणार नाही. ताई रोज दुपारी दादाला फोन लावायच्या. "आज कसं वाटतंय?" तिकडून "बरं आहे" आलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग आपला चेहरा पडला याचाच त्यांना संताप यायचा आणि त्या फोन आदळायच्या. एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "सख्ख्या भावाचं पोट दुखावं म्हणून वाट बघतेय मी. कुणाला सांगायचं हे? तोंड कुठे लपवायचं?"

वहिनींना तर हे पटतच नव्हतं. बरा होत चाललेल्या माणसाची गोळी बंद का करायची? त्या हॉस्पिटलच्या गेटपाशी येऊन ताईंशी भांडून गेल्या. "वन्सं, तुम्हाला तुमची काच खरी वाटते. मला ताटातला भात दिसतो. ते दोन वाढी घेत होते हो!"

ताई त्यांना समजवायला गेल्या. पण काय समजावणार? खात्री त्यांनाही नव्हती. लिम्फोमा नसलाच, तर एका माणसाचं चालू औषध त्यांनी उगाच तोडलं होतं.

सहाव्या आठवड्यात ताप यायला लागला. कपडे भिजतील इतका घाम. मग उलट्या. वजन पुन्हा उतरलं, आणि या वेळी दादाने कुठल्याही काट्याला नावं ठेवली नाहीत. वहिनींनी स्वतःच फोन केला. त्या नुसत्या रडत होत्या.

या खेपेला ताई दुर्बिणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सिस्टरने हटकलं. ताई म्हणाल्या, "मी आत येत नाही. पण फॉर्म माझ्यासमोर भरा." आणि कधीपासून दुखतंय, किती किलो उतरले, स्टेरॉइड कधी सुरू आणि कधी बंद, हे त्यांनी ओळ ओळ लिहून घेतलं. पोटाच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, हात जोडते. आठ तुकडे द्या, आणि एकाच जागेवर खोल जाऊन द्या. वरवरचे नकोत." डॉक्टर वैतागले होते, पण त्यांनी दिले. आठ नाही, नऊ.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक तयार झाला. मॅडम म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या कुणाला कापू दे का?"

"दुसरं कोण आहे?"

खरंच कुणी नव्हतं. दुसरा टेक्निशियन रजेवर होता आणि त्याच्या हातच्या चकत्यांना सुरकुत्या पडायच्या.

ताईंनी यंत्राचं पातं बदललं. ब्लॉक बर्फावर ठेवून गार केला. मग बसवला आणि चाक फिरवलं. या वेळी त्यांनी सुरुवातीलाच, एका दमात, वीस काचपट्ट्यांवर चकत्या घेतल्या, रंग न देता. नंतर कुणी काहीही मागू दे, ब्लॉक पुन्हा यंत्रावर चढणार नव्हता. दोन तास त्यांनी मान वर केली नाही. त्यांचा पाय मात्र टेबलाखाली एकसारखा हलत होता.

मॅडमनी बघायला फार वेळ घेतला नाही. मोठ्या मोठ्या पेशी, एकीला एक चिकटून, भिंतभर पसरलेल्या. आतड्याच्या अस्तरातल्या बारीक नळ्या त्यांनी खाऊन टाकल्या होत्या. मॅडमनी ताईंना खुर्ची दिली. "लिम्फोमा आहे. पण एवढ्यावर औषध ठरत नाही. त्यात दोन मुख्य जाती असतात, बी आणि टी, आणि दोघांची औषधं वेगळी, दोघांची आशाही वेगळी. रंगासाठी बाहेर पाठवू."

ताई म्हणाल्या, "पट्ट्या तयार आहेत."

पट्ट्या गेल्या. आठ दिवस झाले, दहा झाले. मी फोन केला तर कळलं, आमच्या फॉर्मवर एका ठिकाणी शिक्का राहिला म्हणून पाकीट उघडलंच नव्हतं. मेजावर तसंच पडून होतं. मी ताईंना सांगायला गेलो तेव्हा वाटलं, आता यंत्र उचलून फेकतील. पण त्या उठल्या, शिक्का घेतला, पर्स घेतली आणि रिक्षा करून स्वतः तिथे गेल्या. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "लावून आले."

सहा दिवसांनी उत्तर आलं. बी जातीचा, मोठ्या पेशींचा, वेगाने वाढणारा. मॅडम म्हणाल्या, वेगाने वाढतो हे वाईट, पण औषधाला उत्तर देतो हे चांगलं. मग शरीरभराचा स्कॅन झाला, हाडातला मगज तपासला. रोग आतड्यात आणि शेजारच्या गाठींत होता, पुढे गेलेला नव्हता. सहा वेळा सलाइनमधून औषध द्यायचं ठरलं.

कर्करोगाच्या डॉक्टरांनी औषधांची यादी दिली. दादाने ती वाचली आणि त्याला हसू आवरेना. यादीत तेच स्टेरॉइड होतं, बाकीच्या औषधांसोबत.

"बघ, चिमणे! तो डॉक्टर अगदीच येडा नव्हता म्हणायचा!"

ताई हसल्या नाहीत. "औषध तेच होतं. वेळ चुकली. निदान झाल्यावर दिलं तर उपचार, आधी दिलं तर चिखल. सात महिने गेले तुझे."

चौथ्या डोसानंतर दादाचं पोट फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या. सगळे घाबरले. रोग परतला नव्हता. तो मेला होता, पण त्याच्या जागी व्रण आवळून आतडं बंद झालं होतं. ऑपरेशन करून वीतभर आतडं काढावं लागलं. ते आमच्याच टेबलावर आलं. मोहरीच्या कणासाठी इतके महिने तरसलेल्या ताईंसमोर आता वीतभर तुकडा होता, आणि त्यात सापडण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी सगळीकडून कापला. मॅडमनी सगळा बघितला. नुसता व्रण.

त्या संध्याकाळी मी पार्टिशनमागून ऐकलं. ताई मॅडमना विचारत होत्या, "पहिल्या ब्लॉकात तुकडा उरला असता, तर तेव्हाच कळलं असतं ना? हे ऑपरेशन टळलं असतं?"

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग म्हणाल्या, "कदाचित. कदाचित त्या चार कणांत तो नसताही. मी खोटं नाही बोलणार, ताई. मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही."

ताईंना खोटं चाललं असतं असं मला वाटतं. निदान "तुमची चूक" म्हटलं असतं तरी त्यांना टेकायला काही मिळालं असतं.

उरलेले दोन डोस झाले. दादा दुकानात परत आला. अर्धा दिवस बसतो, जिना चढताना दमतो, पण जेवतो. तीन वर्षांनंतरचे स्कॅनही स्वच्छ आले. वहिनी आणि ताई पुन्हा बोलायला लागल्या, मात्र गेटपाशी झालेलं भांडण दोघीही काढत नाहीत.

ताईंनी मात्र एक हेका धरला. आतड्याचा कुठलाही बारीक तुकडा आला की पहिल्याच वेळी पाच जादा पट्ट्या कापून ठेवायच्या, लागोत न लागोत. स्टोअरवाला म्हणाला, काच वाया जाते. प्रशासनाचं पत्र आलं की ठेवायला जागा नाही, ही प्रथा बंद करावी. ताईंनी ते पत्र मलाच फाइल करायला दिलं आणि घरून बुटांची रिकामी खोकी आणून खिडकीखाली रचली. मी तिथे असेपर्यंत त्या पट्ट्या दोनदा कामी आल्या. एकदा लिम्फोमा निघाला. एकदा एका बाईच्या तुकड्यात तो नाही निघाला, आणि तिला नको ते औषध मिळायचं टळलं. बाकीची खोकी भरत राहिली.

दादा त्यांना म्हणायचा, "सोड ना आता, चिमणे. मी आहे की."

"तू आहेस म्हणून तर चिडता येतंय," ताई म्हणायच्या. आणि सकाळी पहिली बाटली हातात घेऊन, फॉर्मवरचा तो एकच शब्द वाचून, दुर्बिणीच्या खोलीचा नंबर फिरवायच्या.